चौकटीवरचे दोन डाग

दिगू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोणी सांगितलं?" स्वभावच तसा. मुलुंडच्या चाळीत भिंतीला भिंत लावून वाढलेल्या मित्राच्या मरणावरही माझा लगेच विश्वास बसला नाही.

पन्नासच्या दशकात तो शिकायला विलायतेला गेला आणि वर्षभरात पत्र आलं, की आता तो तिथल्या बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर आहे आणि त्याचा पगार मिळतो. आम्हाला बर्फ गोळ्यापुरता ठाऊक. शाळेच्या हॉकीत तो गोल उत्तम राखायचा हे खरं, पण बर्फावर? त्याने वर्तमानपत्रातला फोटोही पाठवला. त्यात रबराची चकती अडवायला एक माणूस आडवा पडलेला, तोंड बर्फात. हा दिगूच कशावरून? कुठेतरी बशा विसळत असणार, असं मी ठरवून टाकलं.

काही मोसमांनी परतला तो पुढचे तीन दात गमावून. "चकती लागली रे. तोंडावर काही घालत नाहीत तिकडे." मला वाटलं, दारू पिऊन मारामारी केली असेल.

मग घाटकोपरचं स्थळ आलं. मुलगी दिगूला मनापासून आवडली होती. तिचे वडील चौकशीला नेमके माझ्याकडे आले. "मुलगा तिकडे खरंच खेळायचा ना?" मी म्हणालो, "मी काही बघायला गेलो नव्हतो. दात पडलेत एवढं खरं." ते चहा अर्धा टाकून उठले. स्थळ मोडलं आणि दिगूने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. त्यांना माझ्याकडे कोणी धाडलं, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नाही. तळमजल्यावरच्या काकूंवर माझा दाट संशय होता.

दिगूला एक खोड होती. दारात उभा राहिला, की मागे न बघता आधी डावा, मग उजवा हात चौकटीला लावायचा. बऱ्याच वर्षांनी मी कारण विचारलं.

"गोल कुठे आहे ते वळून बघायचं नसतं. वळलास की वाट लागली. हाताने चाचपायचं, मागे आहे ना, बस."

असं कोणी रचून सांगत नाही... त्या दिवशी मला पटलं, पण लाजेने मी ते बोलून दाखवलं नाही.

तेराव्याला त्याची बहीण शालू सहज म्हणाली, "घाटकोपरवाल्यांना तुझं नाव दादानेच दिलं होतं, मधू. म्हणाला, मधूला विचारा, माझ्याबद्दल तो चांगलंच सांगेल. तरी का मोडलं, काय माहीत."

निघताना पाहिलं, तर चौकटीचा रंग दोन्ही बाजूंना हाताच्या उंचीवर उडालेला. शालू म्हणाली, पुढच्या महिन्यात रंगवून घेते.

वर्तमानपत्राची ही पुरवणी ती वाचते, म्हणून इथेच सांगतो. शालू, ते स्थळ मी मोडलं. आणि जमलं तर ती चौकट रंगवू नकोस.