वासंती म्हणजे मीच

हसायचं तर खुशाल हसा, पण पेणच्या वाचनालयात माझी जी शोभा झाली, ती माझ्याच तोंडून ऐका. माझी जाऊ फार तिखटमीठ लावून सांगते.

झालं काय, कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या सुधाकरने कादंबरी लिहिली. पेणचा मुलगा रोह्याच्या कॉलेजात येतो आणि तिथे वयात येतो, अशी. त्यात एक वासंती आहे. निडीहून एसटीने येते, दोन वेण्या घालते, खिडकीशी बसते आणि मुलगा तिच्यावर जीव टाकतो. आता निडीहून येणारी दोन वेण्यांची मुलगी त्या वर्गात दुसरी कोण होती? मीच की!

मी फक्त जावेला सांगितलं. म्हणजे आळीला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय गो, इतकी वर्षं बोलली नाय तू?" बायका माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. आमचे हे कंपनीतून शिफ्ट संपवून आले की निमूट जेवायचे. एकदा ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्याने तेव्हा विचारलं असतं, तर?" मी त्यांना आणखी भात वाढला. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

पण पुन्हा वाचताना एक गोष्ट खुपायला लागली. अख्ख्या कादंबरीत वासंती एक वाक्य बोलत नाही. नुसती बघते, लाजते आणि लग्न होऊन निघून जाते. मुलगा तिच्यापायी शहाणा होतो. तिचं पुढे काय झालं, कुणीच विचारत नाही.

पेणला या कादंबरीतल्या बायकांवर चर्चा ठेवली, तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून, यांना आणि जावेला घेऊन गेले. सुधाकर समोरच होता. मी उठून म्हटलं, की बाईला खिडकीतलं चित्र करून ठेवू नये, तिलाही मत असतं, राग असतो. टाळ्या पडल्या. तिथे गप्प बसावं की नाही? पण मी पुढे म्हटलं, "सुधाकर, मी इतकी मुकी कधीच नव्हते."

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "अगं सुमन, वासंती कुणीच नाही. ती मी मनाने रचली. तू शेवंता आहेस."

शेवंता म्हणजे कंडक्टरशी भांडणारी, दुसऱ्यांचे डबे फस्त करणारी, मुलींच्या खोलीला आतून कडी बसवून द्या म्हणून प्राचार्यांना सुनावणारी. सगळे हसले. जाऊ सगळ्यांत आधी.

परत येताना गाडीत माझ्या ध्यानात आलं. त्या कादंबरीत तोंड उघडून काही मागणारी बाई एकच होती, आणि 'किती बडबडते ही' म्हणून तिचीच पानं मी भराभर उलटली होती. वर भाषण ठोकून आले होते.

घरी आल्यावर यांनी पहिल्यांदाच ती कादंबरी हातात घेतली. शेवंताची पानं शोधून शोधून वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरीच मवाळ लिहिलीय गो तुला त्याने."