आईच्या कपातला चहा

कोहका वस्तीतले आमचे शेजारी कारखान्यात किरणोत्सर्गी गोळी वापरून वेल्डिंगचे एक्स-रे काढत. प्रत्येक बोलणं ‘बस’वर संपवत.

बायको गरोदर होती तेव्हा त्यांच्या कपड्यांवरून किरण येतील म्हणून मीच म्हणालो, “भाऊ, बाहेरच बसत जा ना.”

“ठीक आहे, बस.”

तेव्हापासून ते चहा फाटकाबाहेर उभ्यानं घेत, कप विसळून देत.

यंदा आईला कॅन्सरसाठी किरणांचे शेक सुरू झाले. आम्ही तिचा कप वेगळा ठेवला. हे कळताच भाऊ सरळ आत आले आणि त्यांनी तिच्या हातातल्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

“कावून घाबरता, मावशी? मशीन बंद झाली का किरण खतम. अंगात का कपड्यात काही नाही राहत, बस.”

मग सवयीनं कप विसळून ते परत फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. ‘आत बसा’ म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.