स्टँड नसलेली गाडी

मला तोंडाने कुठलाही आवाज काढता येतो. एस्टी घाट चढताना कशी कण्हते तेसुद्धा. घरातले त्याला कधीच कंटाळलेत.

आंबा भरायच्या शेडमध्ये मी चार चाकांची गाडी बांधत होतो, मोटरसायकलचं इंजिन बसवून. बाबांनी बजावलं होतं, "पेट्या यायच्या आत सुरू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात." पेट्या उद्या येणार होत्या आणि बटण दाबलं तरी इंजिन ढिम्म.

शेवटी गॅरेजवाल्या काकांना बोलावलं.

"मेल्या, साइड स्टँडच्या स्विचच्या वायरी मोकळ्या का सोडल्यास?"

"काका, चार चाकांवर स्टँड कशाला?"

"ते इंजिनाला कोण सांगणार? त्याला वाटतंय स्टँड खालीच आहे, मग ते सुरू कसं होईल?"

मी त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, बटण दाबलं. शेड दणाणली.

घरातून बाबा ओरडले, "पुरे तुझी नक्कल! ते भंगार काढ आधी."

काकांनी इंजिन चालूच ठेवलं. म्हणाले, "जा, त्यांच्यासमोर तोंड मिटून उभा राहा."

मी गेलो. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शेडकडे.

"पेट्या पडवीत ठेवू," म्हणाले.