चिंतामण मास्तरांनी फोडलेलं पाकीट

वाळवे तालुक्यातल्या एका गावात चिंतामण मास्तर शाळा चालवत आणि तिथंच टपालाचंही काम बघत. गावात वाचता येणारी माणसं मोजकी, त्यामुळे आलेलं पत्र वाचून दाखवणंही त्यांच्याकडेच. शालूबाईच्या घरातलं तर त्यांना सगळंच ठाऊक. नवरा वारलेला, मूल एकच, लालासाहेब. तो बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाला होता.

दिवाळीनंतर फौजदार शाळेत आले. भारत संरक्षण कायद्याखाली संशयितांच्या घरची पत्रं आधी आपल्याला दाखवायची, असा हुकूम त्यांनी ऐकवला. नाही म्हटलं तर नोकरी जाणार, वर तुरुंग. मास्तरांनी मान हलवली. चहाच्या वाफेवर धरलं की पाकिटाचा डिंक सुटतो, हे ते चार दिवसांत शिकले.

पौषात शालूबाईच्या नावाचं पाकीट आलं. ‘रविवारी दुपारी मावशीच्या मळ्यात ये,’ एवढंच, आणि खाली ‘तुझी लेक अंजना.’ आईला हे मास्तर वाचून दाखवणार, ते ओळखतील आणि गप्प राहतील, या भरवशावरच लालासाहेबानं लिहिलं होतं. फौजदारांनी वाचून ते बाजूला टाकलं. लेकीच्या पत्रात काय बघायचं? तिथंच ते मिटलं असतं. पण मास्तर बोलून गेले, “साहेब, या बाईला लेक नाही.”

भीती तर होतीच. पण फौजदारांनी शाबासकी दिली तेव्हा घटकाभर बरंही वाटलं होतं. पुढे ते आठवलं की मास्तरांना घास जात नसे.

पाकीट परत चिकटवून त्यांनीच ते शालूबाईला वाचून दाखवलं. ती हरखली. रविवारी मळ्यात तिच्यादेखत लालासाहेबाला बेड्या पडल्या.

तुरुंगातून त्याचं पहिलं पत्र आलं, त्यात दोन ओळींवर काळी शाई फासली होती. शालूबाईनं विचारलं, “मास्तर, ह्ये काळं कुणी केलं?”

“सरकारनं. पत्रं आधी तिथं वाचतात.”

“आवं, मला वाटलं, आमचं तुमच्याबिगर कुणीच वाचत न्हाई.”

मास्तरांनी हातातला कागद खाली ठेवला. अंजनाचं पाकीट आपण फोडलं, लेक नसल्याचंही आपणच सांगितलं, हे त्यांनी खालमानेनं सांगून टाकलं. शालूबाईनं कागद उचलून परत त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, “राहिलेलं वाचा. दुसरं कोण हाय मला?”

त्या महिन्यात मास्तरांनी तब्येतीचं कारण सांगून टपालाचं काम सोडलं. शालूबाई पत्र घेऊन येतच राहिली. उंबऱ्याबाहेर बसायची, ऐकायची आणि उठून जायची.

सेहेचाळीसमध्ये लालासाहेब सुटला. तो जाब विचारायला येईल, चार लोकांत शिव्या देईल, अशी मास्तरांनी मनाची तयारी केली होती. तो आईला घेऊन आला आणि सरळ पायांवर वाकला.

“माझी पत्रं आईला तुमीच वाचून दावली, मास्तर. लय उपकार हायती तुमचं.”

मास्तरांनी शालूबाईकडे बघितलं. तिनं पोराला काही सांगितलंच नव्हतं. ती दुसरीकडे बघत उभी होती. लालासाहेब वाकलेलाच होता, आणि मास्तरांचा हात काही त्याच्या डोक्यापर्यंत जाईना.