कोरड्या कालव्यातली लाट

मालवणजवळच्या एका गावात मी पर्यटकांची जीप चालवायचो, तिथं माझी बायको मला भेटली. तिच्या भावाच्या होड्या होत्या, आणि लाटांवर फळी चालवायला शिकवायचाही त्यांचा धंदा होता. शिकवायचं काम बहुतेक तीच करायची. मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी, पाण्याला घाबरत नव्हती यात नवल नव्हतं. पण बाकीचे लोक लाटेशी झुंजताना दिसायचे आणि ही गुडघे जरा वाकवून, अंग तिरकं करून, ओळखीच्या माणसाबरोबर गप्पा मारत यावं तशी किनाऱ्याकडे यायची. मी जीपमध्ये बसून बघत राहायचो. दोन्ही घरांनी बरेच आढेवेढे घेतले, पण लग्न झालं.

लग्नानंतर काही महिन्यांतच आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिवाची जागा रिकामी झाली. वडील संस्थेचे जुने सभासद. त्यांनी शब्द टाकला आणि मला फोन केला. केज तालुक्यातलं आमचं गाव, घर स्वतःचं, दारात दोन म्हशी, आई-वडिलांचं वय झालेलं. मी तिला म्हणालो, वर्षभर राहून बघू. ती हो म्हणाली. तिनं तोवर आमचा भाग पाहिला नव्हता.

ते वर्ष दुष्काळाचं निघालं. पाऊस आला तो धुरळा बसवण्यापुरता. दिवाळीनंतर विहिरी बसल्या, आणि संक्रांतीच्या आधीच गावात टँकर सुरू झाला. वडील म्हशी घेऊन चारा छावणीत राहायला गेले. घरात आई, ती आणि मी. सकाळी संस्थेत दूध मोजताना मला रांग रोज आखूड झालेली दिसायची. ज्यांच्याकडून कॅन यायचा ते तांब्यानं दूध आणायला लागले, आणि मग तेही यायचे थांबले.

तिनं कधी तक्रार केली नाही. टँकरच्या रांगेत उभी राहायची, आईनं सांगितलेल्या हिशेबानं पाणी वापरायची. मात्र बोलणं कमी झालं. संध्याकाळी ती दारात बसायची आणि पश्चिमेकडे बघायची. तिकडं माळाशिवाय काही नव्हतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाली की वारा सुटला की तिला वाटतं आता आवाज येईल, आणि येत नाही.

तिला काहीतरी द्यावं असं मला फार वाटत होतं, आणि काय द्यावं ते सुचत नव्हतं. मग आठवलं, पावसाळ्यात समुद्र बंद असला की तिच्या भावाकडची मंडळी बंदराच्या धक्क्यावर चाकांची फळी, म्हणजे स्केटबोर्ड, चालवायची. पाय लाटेला विसरू नयेत म्हणून, असं ते सांगायचे. तीही चालवायची. मी ठरवलं, तशी एक फळी आणायची.

त्या फळीखाली चाकं ज्या लोखंडी जोडणीला बसतात तिला ट्रक म्हणतात. आमच्याकडे ट्रक म्हटलं की उसाचा, त्यामुळं मी फोनवर कुणाला ट्रकबद्दल विचारतोय हे ऐकून आईला वाटलं मी संस्था सोडून ड्रायव्हर व्हायला निघालो. फळीला ट्रक दोन असतात, एक पुढं आणि एक मागं. मधे एक जाड बोल्ट, त्याच्याभोवती रबराचे बुश. ज्या बाजूला वजन टाकाल त्या बाजूला ट्रक वळतो. रबर कडक असलं तर फळी सरळ धावते, मऊ असलं तर लवकर झुकते. एवढं मला कळलं होतं. आमचे रस्ते खराब, ती पडायला नको, म्हणून मी पहिल्यांदा सगळ्यांत कडक आणि दणकट ट्रक मागवले.

संस्थेच्या मागं थोडा गुळगुळीत कोबा होता. तिथं तिनं ती फळी चालवून बघितली. सरळ गेली, सरळ आली, उतरली. तिच्या बोलीत म्हणाली, "बरी आसा." मग फळी धान्याच्या कोठीमागं गेली आणि तिथंच राहिली. मला राग आला नाही, पण लागलं. काही दिवसांनी मी तिला सरळच विचारलं, की लाटेवर नेमकं काय होतं ते मला सांग.

ती परातीत भाकरीचं पीठ मळत होती. तिनं हात झटकले आणि एक तळहात जमिनीवर ठेवला. मनगट टेकलेलं, बोटं उचललेली. बोटं डावीकडं नेली, उजवीकडं नेली, मनगट तिथंच.

"पुढचो भाग मोकळो व्हयो," ती म्हणाली. "मागचो पाय लाटेत रुतता. तो हलाक नको."

म्हणजे मी घेतलेले दोन्ही ट्रक सारखेच, हीच चूक होती. त्यानंतर दुपारी संस्थेत कुणी नसताना मी फोनवर हेच बघत बसायचो. पुढच्या ट्रकचे बरेच प्रकार निघाले. एकात बोल्ट बाहेरच्या अंगाला तिरका बसवलेला होता. तो खोल आणि सावकाश वळायचा, रस्त्यावर लांब जायला चांगला. दुसऱ्यात आतमध्ये स्प्रिंग होती आणि अख्खा ट्रकच दाराच्या बिजागरीसारखा डावीउजवीकडं फिरायचा. त्यावर म्हणे पाय जमिनीला न लावता नुसतं अंग वळवून वेग घेता येतो. मी पुण्यातल्या एका दुकानदाराला फोन केला. त्यानं विचारलं, चालवणार कुठं? मी म्हणालो, कालव्यात. पाणी असेल ना, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पाणी नाही म्हणूनच.

मग तो समजावून सांगायला लागला. स्प्रिंगचा ट्रक उतारावर वेगात डगमगतो, ताबा सुटू शकतो. तिरक्या बोल्टचा घ्या, त्यात धोका कमी. मी रात्रभर विचार करण्याची सवड मागितली, पण माझं ठरलेलंच होतं. पुढं स्प्रिंगचा, मागं साधा आणि कडक रबराचा, चाकं मोठी आणि मऊ. धोका कमी असलेली फळी मी एकदा आणून बघितली होती.

पार्सल केजला आलं. मी जोडणी केली तर पुढचा ट्रक उंच आणि मागचा ठेंगणा, फळी मागं कललेली. ट्रॅक्टरच्या चाकामागच्या जुन्या रबरी मडफ्लॅपचा तुकडा कापून मागच्या ट्रकखाली घातला, तेव्हा ती सपाट झाली. बायको शेजारी बसून बघत होती. बोल्ट आवळताना तिनंच फळी धरली.

आमच्या शिवारातून धरणाच्या कालव्याची एक शाखा जाते. तळ सिमेंटचा आणि दोन्ही बाजू तिरक्या, सिमेंटच्याच. त्या वर्षी त्यात पाणी सोडलंच नव्हतं. तळाशी वाळलेला गाळ, वाऱ्यानं आणलेला पाचोळा, बाभळीचे काटे. दुसऱ्या दिवशी ती खराटा घेऊन कालव्यात उतरली आणि झाडायला लागली. सलग काही दिवस, उन्हं कलली की तेच काम. बांधावरून जाणारे लोक थांबून बघायचे. टँकरच्या रांगेत बायकांनी आईला छेडलं. आई तिला काही बोलली नाही, मला बोलली.

"कालवा कावून झाडायलीय ती? पानी येनार हाय का त्यात?"

मी म्हणालो, खेळायला. आई उठून गेली.

पहिल्या दिवशी ती बाजूच्या उतारावर चढली, खूप झुकली, आणि चाक फळीच्या पोटाला घासून जागीच अडलं. ती फेकली गेली. कोपर सोलवटलं, कुडता फाटला. मी धावत खाली उतरलो तर ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसली असेल. पडल्याचा तिला आनंद झाला होता, कारण एवढं झुकता येतंय हे त्यातून कळलं होतं. मी रबराचे आणखी जाड तुकडे दोन्ही ट्रकखाली घातले, मागचा बोल्ट अर्धा फेरा आवळला आणि पुढच्याला हात लावला नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी कालव्याच्या काठावर उभा होतो. तिनं एकदा पायानं रेटा दिला आणि मग पाय खाली लावलाच नाही. खांदे वळले, कंबर वळली, फळीचं तोंड डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, वेग वाढत गेला. ती तिरक्या बाजूवर चढली, वर काठाजवळ वळली, खाली उतरली आणि दुसऱ्या बाजूवर चढली. सिमेंटच्या सांध्यांवर चाकं टकटक करत होती. मी काठानं तिच्या बरोबरीनं पळत होतो. मला किनाऱ्यावरची तीच दिसत होती. आपण हे जमवलं, असं मला वाटलं, आणि मी मोठ्यानं तिला हाक मारली.

कालवा जिथं वळतो तिथं ती थांबली. मी पोचलो तर ती तळाशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. मला वाटलं लागलं. मी तिचा पाय बघायला लागलो, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"माका घराक जावचा आसा," ती म्हणाली.

मी म्हणालो, दिवाळीला जाऊ. तिनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं जे सांगितलं ते मला तेव्हा पटलं नाही. पहिली फळी कशासारखीच नव्हती, म्हणून ती बाजूला ठेवता आली. समुद्रही तसाच बाजूला ठेवला होता, आणि दिवस जात होते. ही फळी अगदी तशीच आहे. पायांना सगळं आठवलं, आणि आता ते थांबत नाहीये.

मी चिडलो. तिच्यासाठी एवढं केलं आणि त्याचं हे निघालं. पुढचे बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. ती रोज कालव्यात जात राहिली. मी बघायला गेलो नाही. संस्थेत बसून चाकांचा आवाज येतो का ते ऐकायचो. तेवढ्या लांबून येणं शक्य नव्हतं.

मग दूध संघाची गाडी आमच्या गावाला यायची बंद झाली. एवढ्याशा दुधासाठी फेरी परवडत नाही, असा निरोप आला. चेअरमन म्हणाले, पाऊस पडला की पुन्हा सुरू करू. त्यांचाही त्यावर विश्वास दिसला नाही. मी मापं धुऊन पालथी घातली, दाराला कुलूप लावलं आणि घरी न जाता छावणीत वडिलांकडं गेलो.

छावणीत पत्र्याच्या सावलीला वडील म्हशीच्या अंगावर ओलं पोतं फिरवत होते. मी संस्थेचं सांगितलं. ते त्यांना आधीच कळलं होतं. मग बायकोचं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. तिला जायचंय, तिला इथलं काही गोड लागत नाही, वगैरे. ते पोतं फिरवत राहिले. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही.

"म्हशी हितं आनल्या तवा तू काय म्हनलास का, घर सोडून कावून चालल्या?" ते म्हणाले. "जितं भागंल तितं आनल्या. तिला बी जाऊ दे."

बायकोला म्हशीच्या रांगेत बसवलेलं मला आवडलं नाही, आणि मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, म्हशींसाठी मी घर सोडून इथं उघड्यावर झोपतो, तू कुणासाठी काय सोडलंस ते सांग. मी शेण ओढलं, वैरण टाकली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

आठवड्याभरात मी तिला माहेरी पोचवलं. एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि घाट उतरायला लागल्यावर तिनं माझा हात धरला. तिच्या घरी मी दोन दिवस राहिलो. तिच्या भावानं काही विचारलं नाही, त्याचंच मला जास्त अवघडल्यासारखं झालं. निघताना ती म्हणाली, मी सोडून आले नाही, तुम्ही या. मी बघतो म्हणालो.

मला जायला वर्षाहून जास्त लागलं. पुढच्या पावसानं कालव्याला पाणी आलं, पण संस्था उघडली नाही. वडिलांना गुडघ्यांमुळं उठवेनासं झालं, म्हशी विकल्या गेल्या. माझी बहीण दोन गावं पलीकडं राहते, तिनं रोज येऊन-जाऊन करायचं कबूल केलं, तेव्हा मी निघालो. आता पुन्हा जीप चालवतो. पेरणीला आणि सणाला गावी जातो. बायको येते कधीकधी, उन्हाळा सोडून.

आई मात्र इकडं येत नाही. बोलावलं की म्हणते, तुझ्या बापाला कुणी बघायचं. फोनवर मी विचारतो टँकर आला का, आणि ती सांगते. मग ती विचारते, सून बरी हाय का, आणि मी सांगतो. त्यानंतर आम्हाला दोघांनाही काही सुचत नाही, आणि फोन बराच वेळ तसाच चालू राहतो.