चौथीच्या वर्गातली शांतता

खरे बोलल्याबद्दल तुम्ही कधी कुणाला शिक्षा केली आहे का? मी केली आहे. एकदा नव्हे, पस्तीस वर्षे, दर शनिवारी, प्रार्थनेनंतर. आणि तीही देवाचे काम समजून. चहा घ्या, निवेल. सांगतो.

मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे आमचे गाव. तेथील शाळेत मी शिक्षक होतो. शनिवारी मुलांना डोळे मिटून दोन मिनिटे स्तब्ध बसवीत असे आणि मग विचारीत असे, "काय ऐकू आले?" मन एकाग्र केले की शांततेचा एक बारीक, अखंड सूर ऐकू येतो, हे मला बालपणापासून अनुभवाने ठाऊक होते. तो ऐकणाऱ्याची मी पाठ थोपटीत असे. "काही नाही" म्हणणारा चंचल. त्याने व्हरांड्यात उभे राहायचे, ऐकू येईपर्यंत.

आता निवृत्त आहे. रस्त्यालगतच्या जमिनी विकलेल्या घरांनी गावासाठी एक शिक्षण निधी ठेवला आहे, त्याचा मी चिटणीस. अध्यक्ष बाजीराव, माझाच जुना विद्यार्थी. तिसऱ्या सदस्य कुसुमअक्का, वयाने माझ्याहून मोठ्या आणि जिभेनेही.

गेल्या हिवाळ्यात वैशालीचा अर्ज आला. हीही माझ्याच हाताखाली शिकलेली. पुण्यात पीएचडी करीत होती. विषय, कमी होत जाणारे ऐकणे आणि कानात सतत वाजणारा आवाज. उरवड्याच्या कारखान्यांत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्यांचे कान ती तपासत होती. शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. आम्हीही नाही म्हटले तर अभ्यास सोडून श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी धरावी लागेल, असे तिने अर्जात सरळ लिहिले होते.

मला विषयच पटला नाही. जो आवाज दुसऱ्या कुणालाही ऐकू येत नाही, त्याची साक्ष कोण देणार? कामचुकारांना आयते निमित्त. परंतु न पाहता नाकारणे हा अन्याय, म्हणून तिला यंत्र घेऊन बोलावले. माझे स्वतःचे कान मी परीक्षेस देणार होतो. "तुझ्या वहीत एका तरी निरोगी माणसाची नोंद असू दे," असेही तिला सुनावले.

रविवारी सकाळी चौथीच्या वर्गाचे दार लावून आम्ही चौघे बसलो. वैशालीने माझ्या कानांवर हेडफोन बसवला आणि हातात एक बटण दिले.

"आवाज आला की दाबा, गुरुजी. गेला की सोडा."

मी दाबले. आणि दाबूनच ठेवले.

तिने एका कानावरचा हेडफोन जरा उचलला. "सोडा ना, गुरुजी."

"थांबेल तेव्हा सोडीन. बारीक आहे, पण स्वच्छ आहे."

"मी अजून मशीन चालूच केलं नाही."

मला असत्य सहन होत नाही. मी तेथल्या तेथे इतिवृत्ताची वही उघडली आणि लिहिले: 'यंत्र बंद असतानाही वाजते. संशोधन विश्वसनीय नाही. अर्ज नामंजूर करावा.' खाली सही केली.

वैशालीचा चेहरा उतरला. तिने बॅटरी काढून टेबलावर ठेवली. "आता?"

"वाजते आहे."

बाजीरावाने हेडफोन लावून पाहिला. "माझ्या कानात तर काय बी न्हाई."

"तुझे लक्ष पहिल्यापासूनच नसते."

मग कुसुमअक्कांनी लावला. डोळे मिटून बराच वेळ बसल्या. "गुरवाचा कोंबडा सोडला तर काय न्हाई, मास्तर. आन त्यो बी ह्याच्यातनं न्हाई."

वैशालीने हेडफोन पेटीत ठेवला. "गुरुजी, आता कानावर काहीच नाही तुमच्या. आता येतो आवाज?"

"येणारच. पण हा यंत्राचा नव्हे. हा शांततेचा."

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटले, त्यांना पटले.

"शांततेला कुटं आवाज असतोय, गुरुजी?" बाजीरावाने विचारले.

"असतो. याच वर्गात तू त्याचे वर्णन केले होतेस. भुंगा लांब चालल्यागत, म्हणालास. मी साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या."

बाजीरावाने टोपी काढली आणि हातात फिरवू लागला. "ते मी खोटं बोललो व्हतो. गण्याला भायेर उभा केल्याला बघितला, मग बोललो. समदी पोरं तसंच करायची. शाळेला येताना वाटंतच ठरवायचो, कुणी भुंगा म्हनायचं आन कुणी तंबोरा."

"म्हंजी शिट्टी ह्यांच्या कानात," कुसुमअक्का म्हणाल्या, "आन उन्हात पोरं गावाची."

"मी नाही खोटं बोलले," वैशाली म्हणाली. "सलग तीन शनिवार व्हरांड्यात होते. मला वाटलं, माझेच कान बिघडलेत. रडून आईला पौडला दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मग गुरुजींना येतं ते मला का येत नाही? हा प्रश्न डोक्यातून गेलाच नाही. अजून तोच अभ्यास करतेय."

मी खाली बसलो. देवासमोर इतकी वर्षे मी जी शांतता ऐकली, ती केवळ माझ्या कानांतली होती. या सर्वांना परमेश्वराने एक अशी जागा दिली होती, जेथे काहीच वाजत नाही. आणि मी त्यांना तेथून बाहेर काढून शिक्षा करीत होतो.

वैशालीने बॅटरी घातली आणि माझी तपासणी रीतसर केली. कागदावरची माझ्या ऐकण्याची रेघ थोडा वेळ सपाट चालली, मग बारीक सुरांपाशी ताम्हिणीचा घाट उतरावा तशी उतरली. लहानपणी मोठा ताप आला होता का, तिने विचारले. आला होता, पाचव्या वर्षी. कदाचित त्यातलेच असेल, ती म्हणाली. खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर शोधायचे.

नंतर ती यंत्राची एक कळ हळूहळू फिरवू लागली. "जुळला की सांगा." एके ठिकाणी बाहेरचा सूर आणि आतला सूर एकमेकांत मिसळून गेले. मी हात वर केला. तिने तोच सूर तसाच ठेवून हेडफोन बाजीरावाला लावला.

त्याने थोडे ऐकले. मग तो माझ्याकडे पाहत राहिला.

"हे रोज?"

"रोज."

"निजताना बी?"

"निजतानाही."

"आन ह्यात तुमी आमाला पाढे शिकवलं?"

जन्मभर जो सूर माझ्याखेरीज कुणी ऐकला नव्हता, तो एका मुलीने सकाळच्या प्रहरी दुसऱ्या माणसाच्या कानात नेऊन ठेवला होता. त्याची साक्ष कोण देणार, असे मी विचारले होते. साक्षीदार समोर टोपी हातात धरून बसला होता.

मी वही ओढली, माझा शेरा स्वतः खोडला आणि 'मंजूर करावा' असे लिहू लागलो. बाजीरावाने वहीवर हात ठेवला.

"तुमी न्हाई. खोटा शेरा लिवणारा ठरावाला नको. तुमचाच शाळेतला कायदा. भायेर, गुरुजी."

मी गेलो. जेथे ती तीन शनिवार उभी होती, त्याच खांबाशी उभा राहिलो. ऊन चढले होते. खिडकीच्या गजांतून दोन हात वर गेलेले दिसले आणि वैशाली ओढणीने डोळे पुसताना दिसली. थोड्या वेळाने बाजीरावाने दार किलकिले केले.

"काय ऐकू आलं, गुरुजी?"

सूर वाजतच होता, पण तो माझ्या कानांतला; बाहेरून आलेले काही नव्हते. खोटे बोलणे मला जमत नाही. "काही नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हावा उभं," तो म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.