मामांचे काढे

आमच्या चौकातल्या सलूनवाल्यांना सगळे मामा म्हणतात. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी ते "बरोबर आहे" म्हणणार. हातात वस्तरा असताना वाद घालू नये, एवढंच त्यांचं धोरण.

मामींना स्तनाचा कॅन्सर झाला आणि ही सवय अंगाशी आली. खुर्चीत बसणारा जो तो उपाय सांगू लागला. कुणी मुळ्या आणून दिल्या, कुणी काळी पूड, कुणी बाटलीत हिरवा रस. मामा सगळ्यांना "बरोबर आहे" म्हणाले आणि मागच्या खोलीत सगळं एकत्र उकळून मामींना पाजू लागले. तो कुबट वास सलूनच्या टॉवेलांनाही लागला.

"अहो, हे प्यायचं की याने फरशी पुसायची?" मामी नाक दाबून विचारत. आणि पीत.

पुढच्या केमोआधी रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे चढलेले. डॉक्टरबाईंनी केमो पुढे ढकलली.

"औषधांमुळे असेल, किंवा आजार यकृतात पसरला असेल. आत्ताच सांगता येत नाही. घरचं काही देत नाही ना?"

"छे छे, मॅडम. फक्त तुमचंच."

बाहेर बाकावर मामी म्हणाल्या, "खोटं का बोललात?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"त्यांना! आणि खरं कारण न कळून त्यांनी माझं चांगलं औषधच बदललं म्हणजे?"

मामांच्या शर्टाला काढ्याचा वास येत होता. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. रांग मोडून ते आत शिरले.

"मॅडम, पाजत होतो. काय काय, ते मलाही ठाऊक नाही."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. "आजपासून थेंबही नको. आठवड्याने पुन्हा तपासू."

"म्हणजे काढ्यामुळेच झालंय ना? आजार पसरलेला नाही ना?"

"असेलही. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणणार नाही."

मामांच्या तोंडून "बरोबर आहे" निघालं नाही. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

घरी येऊन त्यांनी पातेलं मोरीत उपडं केलं. तळाला काळा, बुळबुळीत गाळ चिकटला होता. खरवडताना त्यांना उमासे येत होते.

मामी दारात उभ्या होत्या. "शी! एवढं सगळं माझ्या पोटात गेलं?"

"आत जा गं, वासाने उलटी होईल."

"होऊ दे," मामी म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. गाळ काही निघेना. शेवटी मामांनी पातेलंच कचऱ्यात टाकलं आणि कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिले.